माडीच्या कड्यांवर किती वजन चालेल? आधी वरची माती मोजा, मग भिंतीतली टोकं पाहा

साताऱ्याच्या एका पेठेतल्या घरमालकांचा प्रश्न असा आहे: आजोबांच्या काळातलं, शंभरीला टेकलेलं दुमजली घर. माडीवरच्या 9 बाय 24 फुटांच्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या पंचवीस मुलांची अभ्यासिका काढायची आहे. कड्या, म्हणजे माडीची जमीन पेलणारी आडवी लाकडं, 4 बाय 5 इंची, दीड फुटावर एक. भिंतीपासून तुळईपर्यंत (कड्या ज्यावर टेकतात ते मुख्य जाड लाकूड) 9 फुटांचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर. कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चार इंच माती, त्यावर शहाबादी फरशी. फरशी हलायला लागली आहे म्हणून तिच्यावरच व्हिट्रिफाइड टाइल बसवायचा बेत आहे. सुतार म्हणतात, सागवान आहे, अजून शंभर वर्षं काही होत नाही. इंजिनिअर म्हणाले, पाडा आणि स्लॅब घाला. "कडीवर किती वजन चालेल, तेवढा आकडा सांगा."

आकडा काढून दाखवतो. पण तो पाहण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. कडी जेवढं पेलू शकते त्यातला बराचसा वाटा माती आणि फरशीने आधीच घेतलेला असतो. माणसांसाठी उरतं ते शिल्लक. तीही तेव्हाच खरी, जेव्हा कडीची भिंतीत गेलेली टोकं शाबूत असतात आणि ज्या तुळईवर कडी बसली आहे ती तुळई दमदार असते. सुतार कडीचा मधला भाग पाहून बोलले. तिथे लाकूड बहुधा चांगलंच असणार. इंजिनिअर सरसकट लाकूड म्हणून बोलले. दोघांनीही जिथे पाहायला हवं तिथे अजून पाहिलेलं दिसत नाही.

आधी मापं. तुम्ही 4 बाय 5 लिहिलंत ते बहुतेक एका कडीचं माप आहे. जुन्या कड्या तासणीने तासलेल्या असतात, कारखान्यात कापलेल्या नसतात. एकाच कडीत या टोकाला पाच इंच आणि त्या टोकाला साडेचार, असं सर्रास सापडतं. प्रत्येक कडीला खडूने नंबर घाला. तिची रुंदी आणि उंची तीन ठिकाणी मोजा: दोन्ही टोकांजवळ आणि मध्यावर. हिशेबात सर्वांत लहान माप घ्या. मग टोच्याने कडीच्या अंगावर टोचून पाहा. सागाचा गाभा वाळवीला आणि भुंग्याला सहज दाद देत नाही, पण सालीलगतचा पांढरट भाग किडा खातो. कडेला पिठासारखा भुसा पडत असेल आणि टोच्या 5 मिमी सहज आत जात असेल, तर तेवढी जाडी चारही बाजूंनी वजा करा. मधला भाग अजूनही टणक असू शकतो.

ही कपात किरकोळ वाटते, पण किरकोळ नसते. वाकण्याविरुद्धची ताकद रुंदी गुणिले उंची गुणिले उंची भागिले सहा, अशी काढतात. उंची दोनदा गुणली जाते. 10 बाय 12.5 सेंमीच्या कडीचं उत्तर 260 घन सेंमी येतं. चारही बाजूंनी 5 मिमी गेलं की कडी 9 बाय 11.5 ची उरते आणि उत्तर 198 येतं. बोटाच्या नखाइतकी साल गेली आणि ताकदीचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. वरून रंग किंवा वॉर्निश मारलेलं असेल तर हे नुसतं पाहून कळतही नाही.

आता लाकडाची जात. कोपऱ्यात धारदार पटाशीने छोटी ढलपी काढा. ताजा साग सोनेरी तपकिरी दिसतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि त्याला कातड्यासारखा ओळखीचा वास असतो. शंभर वर्षांनीही ताज्या ढलपीला तो वास येतो. जावळी-पाटणकडच्या घरांत ऐन, किंजळ, नाना, जांभूळ सापडतात. माण-खटाव आणि जतकडच्या माळवदांत बाभूळ आणि कडुनिंब असतो. एकाच घरात दर्शनी सोप्याला साग आणि मागच्या खोलीला मिळेल ते लाकूड, हेही नेहमीचंच. म्हणून एका कडीवरून सगळ्या खोलीचा निर्णय घेऊ नका.

लाकडी बांधकामाच्या आयएस 883 या भारतीय प्रमाणित संहितेत लाकडांचे तीन गट केलेले आहेत. पहिल्या प्रतीच्या लाकडाला, घराच्या आत कोरड्या जागी, वाकताना चालणारा ताण अ गटाला 18, ब गटाला 12 आणि क गटाला 8.5 न्यूटन प्रति चौरस मिमी आहे. साग ब गटात येतो, म्हणजे सुमारे 120 किलो प्रति चौरस सेंमी. जुन्या, जागेवरच्या कडीची प्रत आपण निवडलेली नसते. गाठी आहेत, चिरा आहेत, पंख्याच्या हुकासाठी मध्यावर पाडलेलं भोक आहे. म्हणून त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे 90 धरणं मला योग्य वाटतं. जात ओळखता आली नाही तर क गट धरून त्याच्याही तीन चतुर्थांश घ्यावेत.

हिशेब असा होतो. 198 गुणिले 90 म्हणजे सुमारे 17,850 किलो-सेंमी. 9 फूट मोकळा गाळा, त्यात टेकण्याचा थोडा भाग मिळवून 285 सेंमी. एकसारख्या पसरलेल्या वजनासाठी या आकड्याला आठने गुणायचं आणि गाळ्याच्या वर्गाने भागायचं. उत्तर येतं मीटरला 176 किलो. कड्या 45 सेंमीवर आहेत, म्हणून चौरस मीटरला सुमारे 390 किलो. किडीची कपात केली नसती तर हाच आकडा 510 च्या पुढे गेला असता.

आता यातून आधीच खर्च झालेलं वजा करू. कडीचं स्वतःचं वजन चौरस मीटरला 18 किलो. एक इंची फळ्या 16. चार इंच दाबलेली माती सुमारे 170. शहाबादी 70 आणि तिच्याखालचा मसाला 50. बेरीज 324. माणसांसाठी आणि सामानासाठी उरले 66 किलो. घरासाठी आयएस 875 या इमारतींवरच्या भारांच्या संहितेच्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला 200 किलो धरायला सांगितलं आहे. म्हणजे अभ्यासिका राहू दे, कागदावर ही माडी राहत्या घरालाही कमी पडते. त्यावर तुम्ही म्हणता तशी टाइल आणि मसाला घातला, तर आणखी साधारण 70 किलो. 324 अधिक 70 म्हणजे 394. एकही मूल वर चढायच्या आधी सगळी शिल्लक संपली.

"मग शंभर वर्षं उभी कशी?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं. एक तर 90 हा तुटण्याचा ताण नव्हे, सुरक्षित ताण आहे. चांगला साग त्याच्या कितीतरी पट ताणावर तुटतो. दुसरं, घरातल्या खोलीत प्रत्यक्षात एक पलंग, एक कपाट आणि चार माणसं असतात. सरासरी काढली तर चौरस मीटरला 40-50 किलोंच्या वर क्वचितच जाते. तुमच्या माडीने शंभर वर्षं तेवढंच पेललं आहे. ती उभी आहे हा तेवढ्या वजनाचा पुरावा आहे, पंचवीस मुलं एका वेळी उठून दाराकडे जातात त्या वजनाचा नाही. तिसरं असं की लाकडाला थोडा वेळ आलेलं वजन आणि कायमचं वजन सारखं नसतं. कायमच्या वजनाखाली लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू लवत राहतं आणि त्याची ताकदही तेवढ्या प्रमाणात कमी धरावी लागते. माती हे कायमचं वजन आहे, म्हणून तिचा खर्च किलोत दिसतो त्यापेक्षा जास्त.

यातूनच उपायही दिसतो. माती आणि फरशी काढली, जुन्या फळ्यांवर 18 मिमीचा चांगला प्लायवूड घातला आणि त्यावर व्हिनाइलचं आच्छादन केलं, तर कायमचं वजन 324 वरून सुमारे 55 किलोंवर येतं. शिल्लक 335. पुस्तकांचा साठा वेगळा असलेल्या वाचन खोलीला संहिता 300 मागते. वर्गखोलीलाही तेवढंच. कडीच्या ताकदीपुरता हिशेब बसला, कडी न बदलता.

पण ताकद बसली म्हणजे काम झालं असं नाही, कडी किती लवते तेही पाहावं लागतं. 300 किलोंच्या पूर्ण भाराखाली ही कडी मध्यावर सुमारे 10 मिमी खाली जाते, कायमचं वजन मिळवून 12 मिमी. गाळ्याच्या 240 व्या भागाची मर्यादा 12 मिमीच आहे, म्हणजे अगदी काठावर. वर टाइलसारखं ठिसूळ काही असेल तर मर्यादा 360 व्या भागाची, म्हणजे 8 मिमी. ती ओलांडली जाते. म्हणून या माडीवर टाइल नकोच, वजनासाठीही आणि लवण्यासाठीही. बसवलीत तर वर्ष-दोन वर्षांत सांधे उघडतील, टाइल पोकळ वाजू लागतील आणि दोष मिस्त्रीच्या माथी जाईल.

तुमच्या कड्यांना आत्ताच बाक असेल. दोरी ताणून मोजा. सगळ्या कड्या सारख्याच, 15-20 मिमी लवलेल्या असतील तर तो बहुधा मातीखाली वर्षानुवर्षं आलेला बाक आहे. त्याने घाबरू नका. शेजारणीपेक्षा एखादीच कडी जास्त लवली असेल तर तिला नंबर लावून आधी ती तपासा. मध्यावर खालच्या अंगाला रेषे आडवे तुटलेले दिसले, किंवा मधल्या तिसऱ्या भागात खालच्या कडेलाच मोठी गाठ असली, तर ती कडी हिशेबातून बाद. लांबीच्या दिशेने गेलेली वाळण्याची चीर मध्यावर असेल तर फारसं बिघडत नाही. तीच चीर टोकाजवळ, कडीच्या उंचीच्या मधोमध, आरपार असेल तर मात्र बिघडतं. टोकाशी कडी कापली जाण्याचा ताण सर्वांत जास्त असतो आणि चिरीमुळे एका कडीच्या दोन चपट्या पट्ट्या होतात.

आता टोकांकडे येऊ. जुन्या माडीत कडी मध्यावर मोडलेली क्वचितच पाहायला मिळते. जाते ती भिंतीतल्या सहा-नऊ इंचांत. आपल्याकडची भिंत म्हणजे बाहेरून दगड, आतून पांढऱ्या मातीचे भेंडे किंवा दगडमातीचा भराव. पश्चिमेचा पाऊस चार महिने भिंतीवर झोडपतो, पन्हाळ फुटलेली असते, ओल भिंतीत उतरते आणि कडीचं टोक ती पिऊन घेतं. बाहेर दिसणारी कडी खडखडीत कोरडी आणि आतलं टोक हाताने कुस्करता येईल असं, ही जोडी नेहमी एकत्र असते. त्यात सर्वांत वाईट जागा तीन: न्हाणीघराखालची, पन्हाळीच्या खालची आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेली भिंत. मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की आतली ओल बाहेर सुटत नाही. ती कोरड्या बाजूचा रस्ता शोधते आणि तो रस्ता कडीच्या टोकातून जातो.

तपासणी अशी करा. हातोडीने कडी मध्यापासून भिंतीकडे ठोकत जा. टणटणीत आवाज भिंतीजवळ येताना बसका, भद्द झाला तर तिथे खूण करा. मग टोच्या भिंतीलगत, कडीच्या खालच्या आणि बाजूच्या अंगाला दाबा. याने फक्त बाहेरचा भाग कळतो. आतलं कळण्यासाठी 6 मिमीचं लांब ड्रिल भिंतीच्या दर्शनी कडेशी कडीत तिरकं घाला, साधारण 45 अंशांत, भिंतीच्या आतल्या भागाकडे रोखून. हळू फिरवा आणि काय बाहेर येतं ते कागदावर धरा. चांगल्या लाकडाची वळलेली, सोनेरी कीस येते आणि ड्रिलला सारखा दाब द्यावा लागतो. कुजलेल्या लाकडाचा काळपट, दमट चुरा येतो आणि ड्रिल एकदम आत घुसतं. किती खोलवर गेल्यावर घुसलं ते लिहून ठेवा. नंतर भोक सागाच्या खुंटीने बुजवा. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर तेही लावा. लाकडात 20 टक्क्यांच्या वर ओलावा टिकून राहिला की कुजवणारी बुरशी जगते. हे माप एप्रिलमध्ये घेऊन उपयोग नाही, श्रावण संपता संपता घ्या.

संशय येईल तिथे भिंत उघडाच. कडीच्या एका बाजूने वीतभर रुंद खाच पाडून पाहता येतं. त्याआधी भिंतीपासून दोन फुटांवर कडीखाली टेकू देऊन घ्या. टेकूखाली नुसती जमीन नको, 2 इंची जाड फळीचा तुकडा हवा आणि वर आडवी फळी. उघडल्यावर दोन गोष्टी पाहा. एक, टोक शाबूत आहे का. दोन, कडी भिंतीवर किती इंच टेकली आहे. तीन-चार इंच तरी हवी. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाने हलवलेल्या घरांत भिंत बाहेर कलून कडी थोडी सुटलेली असते आणि नंतरच्या गिलाव्यात ते झाकलं जातं. छतालगत भिंतीला समांतर चीर असेल तर आधी ओळंबा लावा. माती उतरवण्याचा आणखी एक फायदा इथे आहे. या भागात भूकंपाचा विचार कायम ठेवावा लागतो आणि डोक्यावरचं वजन जितकं कमी तितकी भिंतींना ओढ कमी.

सांगलीकडे, कृष्णेच्या पुराच्या पट्ट्यात जुनं घर असेल तर हीच तपासणी तळमजल्यावरून सुरू करावी. 2019 आणि 2021 मध्ये घरात पाणी दिवसेंदिवस थांबलं होतं. मातीच्या भिंतीचा खालचा भाग भिजून मऊ होतो आणि खांबाचा उथळ्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, टेकलेला तळ कुजतो. माडीच्या कड्या पाण्याच्या वर राहिल्या असतील, पण ज्यावर त्या उभ्या आहेत तेच खचलं असेल तर वरचा हिशेब व्यर्थ आहे.

तुळईचा हिशेबही तसाच. तिची मापं तुम्ही दिलेली नाहीत, म्हणून उदाहरण घेतो. तुळई 7 बाय 8 इंची, दोन्ही बाजूंना 9 फुटांचे गाळे, खांब 8 फुटांवर. माती काढून अभ्यासिकेचा भार धरला तर तुळईवर मीटरला हजार किलोंच्या थोडं वर येतं आणि ताण 64 किलो प्रति चौरस सेंमी. 90 च्या आत, ठीक. खांब 10 फुटांवर असतील तर ताण सुमारे 100, म्हणजे बाद. आणि मधला एक खांब कोणीतरी कधीतरी काढला असेल तर गाळा 16 फूट होतो, ताण चौपट, 255 च्या घरात. हे उदाहरण मुद्दाम दिलं आहे. रस्त्यालगतच्या घरांत खाली दुकान काढताना किंवा गाडी लावायला जागा करताना खांब काढलेले असतात आणि वर राहणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. रिकामा उथळा जमिनीत दिसतो का, तुळईच्या खाली जुन्या खांबाची खूण आहे का, हे पाहा. वरच्या मजल्याचा खांब खालच्या खांबाच्या बरोबर डोक्यावर आला आहे का, हेही पाहा. तो तुळईच्या मध्यावर उभा असेल तर छपराचं वजनही तुळईवर येतं आणि वरचा हिशेब लागू होत नाही.

आकडेमोड आणि टोच्या दोन्ही झाल्यावर एक साधी चाचणी करून घ्यावी. खालच्या जमिनीवर एक सरळ काठी उभी धरून तिचं वरचं टोक कडीशी कुठे येतं ते मोजा. मग त्याच कडीच्या मध्यावर सिमेंटची दोन पोती, म्हणजे 100 किलो ठेवा आणि पुन्हा मोजा. एकटी कडी हिशेबाने 4.3 मिमी जाईल. फळ्या शेजारच्या कड्यांना वजन वाटून देतात, म्हणून प्रत्यक्षात 2 ते 3 मिमी दिसायला हवं. सगळ्या कड्यांवर हेच करा. जी 5-6 मिमी जाते किंवा पोती काढल्यावर परत वर येत नाही, तिचं टोक किंवा मध्य गेलेला आहे, डोळ्यांना काहीही दिसो. पूर्ण 300 किलोंची चाचणी मात्र स्वतः करू नका. ती इंजिनिअर उभा राहून, खाली 25 मिमी अंतर सोडून टेकू लावून, टप्प्याटप्प्यानेच करायची असते.

पुस्तकांच्या कपाटाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण अभ्यासिका म्हटली की ते येणारच. तीन फूट रुंद, सात फूट उंच, भरलेलं कपाट 200 ते 250 किलोंचं असतं आणि ते वजन अडीच-तीन चौरस फुटांत उतरतं. ते ठेवायची जागा महत्त्वाची आहे. 220 किलोंचं कपाट गाळ्याच्या मध्यावर दोन कड्यांवर उभं केलं, तर प्रत्येक कडीची जवळपास 44 टक्के ताकद एकटं तेच घेतं. तेच कपाट कड्या ज्या भिंतीत शिरतात त्या भिंतीपासून फूटभरावर ठेवलं तर 17 टक्के. कड्यांना समांतर जाणाऱ्या भिंतीला लावलं तर सगळं वजन एकाच कडीवर, तिथे नको. शक्य असेल तर कपाटं तळमजल्यावरच ठेवा. संहितेत पुस्तकांच्या साठ्याच्या खोलीला 600 किलो मागितले आहेत, ते या कड्यांच्या आवाक्यात नाही. पाण्याची 500 लिटरची टाकी तर माडीच्या लाकडावर अजिबात नको.

टोक कुजलेलं सापडलं तर कडी बदलायलाच हवी असं नाही. कुजलेला भाग कापा, चांगलं लाकूड लागल्यावर आणखी अर्धा-एक फूट कापा, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. मग कडीच्या दोन्ही बाजूंना 2 इंच जाड, कडीइतक्याच उंचीच्या सागाच्या फळ्या, चांगल्या लाकडावर किमान दोन फूट चढवून, 12 मिमीच्या चार बोल्टने मोठे वायसर घालून आवळा. बोल्ट एका ओळीत नकोत, वर-खाली असे लावा, नाहीतर रेषे फाटतात. नव्या टोकाभोवती भिंतीत बोटभर हवेची जागा ठेवा. टोकाला डांबर फासून किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची पद्धत आहे, ती सोडा. ओल आत शिरायची थांबत नाही, बाहेर पडायची थांबते. बाहेरचा सिमेंट गिलावा काढून चुन्याचा करा आणि पन्हाळ दुरुस्त करा. हे केलं नाही तर नवं टोकही तसंच जाईल.

लवणं कमी करायचं असेल तर दोन कड्यांच्या मध्ये नवी कडी घालणं हा एक मार्ग, गाळ्याच्या मध्यावर आडवा लोखंडी चॅनल घालणं हा दुसरा. चॅनलमुळे गाळा निम्मा होतो आणि लवणं जवळजवळ नाहीसं होतं, पण त्याच्या खांबांना जमिनीत पाया हवा. खालच्या फरशीवर उभे केले तर ते खचतील. कोणताही आधार नुसता खाली आणून ठेवला की वजन घेत नाही. जुन्या कडीला जॅकने दोन-तीन मिमी वर घेऊन, मध्ये पाचर मारून मगच जॅक सोडा. जुना सगळा बाक एका दिवसात सरळ करायला जाऊ नका. शंभर वर्षांत लवलेलं लाकूड जबरदस्तीने सरळ केलं की चिरतं आणि भिंतीतली टोकं उचकटतात.

माती उतरवताना होणारे अपघात टाळता येतात. 20 चौरस मीटरवर चार इंच माती म्हणजे 2 घनमीटर, पाऊण ब्रासच्या आसपास, सुमारे साडेतीन टन. मजूर सवयीने खोदलेली माती खोलीच्या मधोमध ओढून ढीग करतात आणि मग पाट्या भरतात. कमरेइतका ढीग झाला की तिथे चौरस मीटरला दीड टनाच्या वर वजन येतं. ढीग करूच देऊ नका. गाळ्याच्या मध्यावरून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे पट्ट्या-पट्ट्यांनी उकरा आणि प्रत्येक पाटी लगेच खाली जाऊ द्या. शेजारच्या खोलीत गोण्या रचून ठेवणं म्हणजे दोष तिकडे ढकलणं. काम चालू असताना खाली टेकू राहू द्या. वजन गेल्यावर कड्या थोड्या वर येतात, खालच्या छताचा गिलावा असेल तर तो सुटून पडतो, म्हणून खालची खोली रिकामी ठेवा. मातीने आवाजही अडवलेला असतो. ती गेल्यावर वरच्या खुर्च्यांची खरखर खाली ऐकू येईल, त्यासाठी प्लायवूडखाली जाड फेल्टचा थर घाला.

थोडक्यात तुमच्या खोलीसाठी: टाइल नको, माती आणि फरशी काढा, सर्व कड्यांची दोन्ही टोकं ड्रिलने तपासा, खांब आणि तुळई मोजा. लाकूड साग निघालं आणि टोकं शाबूत असली तर ही माडी अभ्यासिकेचं वजन काठावर का होईना, पेलेल. जात कळली नाही तर शिल्लक 335 ऐवजी 220 च्या आसपास येते, तेव्हा राहायला पुरेल, अभ्यासिकेला नाही. ही मापं घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा. कागदावर नंबर घातलेल्या कड्यांचा नकाशा असेल तर तोही "पाडा" म्हणण्याआधी हिशेब करायला बसेल. वापर बदलायला नगरपालिकेची परवानगी लागते आणि तिथेही त्याची सही लागेलच.

शेवटचा मुद्दा कड्यांचा नाही, पण सोडवत नाही. पंचवीस मुलं वर, लाकडी जमीन, चार्जरसाठी ओढलेल्या वायरी आणि खाली उतरायला अडीच फुटांचा एकच उभा जिना, हे मला पटत नाही. दुसरा रस्ता काढता येत नसेल तर अदलाबदल करून पाहा: अभ्यासिका आणि पुस्तकं तळमजल्यावर, घर माडीवर. मग वर चौरस मीटरला 200 किलो पुरतात आणि माती काढलेली तुमची माडी ते निर्धास्त देते.